राक्षसाची अंडी

आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. सवत्स गाईची पूजा व्हायची, अंगणात पहिली पणती लागायची आणि दिवाळी आली यावर शिक्कामोर्तब व्हायचे. आमच्या उपनगरात आता पूजेला गाय हवी तर तबेल्यांचे पत्ते विचारत हिंडावे लागते, हा भाग निराळा. पण ज्या दिवशी आपण गाय पूजतो, त्याच दिवशी सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर राहणारे आदिवासी वाघबारस पाळतात. वाघोबाच्या पुढे नैवेद्य ठेवतात आणि आमची गुरे सांभाळ, आमची पोरे सांभाळ, असे त्यालाच विनवतात. खाणाऱ्यालाच राखणीला बसवायचे! लहानपणी हे ऐकले तेव्हा मला ते अडाणीपणाचे वाटले होते. आता तसे वाटत नाही. मात्र ते शहाणपणाचेच आहे, असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. या दोहोंच्या मध्ये आपण नेमक्या कुठे उभ्या आहोत, हे चाचपून पाहावे म्हणून लिहायला बसले आहे. आणि त्यासाठी बोट धरणार आहे ते एका जुन्या अमेरिकन मालिकेचे. सणासुदीला हे काय भलतेच, असे वाचकांनी म्हणू नये. फराळाच्या ताटात एखादे कडबोळे तिखट निघतेच.

‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. तिचे एकूण ७९ भाग झाले. आपल्याकडे ती दूरदर्शनवर १९८० च्या दशकात रविवारी सकाळी येत असे. आमच्या चाळीत तेव्हा एकाच बिऱ्हाडात संच होता आणि त्यापुढे दहा-बारा पोरे मांडी ठोकून बसत. इंग्रजीचा आम्हांपैकी कोणालाच गंध नव्हता. कप्तान कर्क, टोकदार कानांचा आणि भावनेला थारा न देणारा स्पॉक, सदा चिडलेला पण मनाचा लोण्यासारखा डॉक्टर मॅकॉय, ही मंडळी आमच्या लेखी मुकीच होती. त्यातला एक भाग मात्र मनात रुतून बसला. खाणीच्या बोगद्यातून करपलेल्या थालिपिठासारखे काहीतरी सरपटत येते. स्पॉक त्याच्यावर हात ठेवतो आणि एकाएकी कळवळून ओरडू लागतो. त्याच्या पोटात दुखते आहे, असा खुलासा आमच्यातल्या एका सर्वज्ञाने केला आणि तो सर्वांना पटला. जवळजवळ चाळीस वर्षांनी हा भाग मी पुन्हा पाहिला, तेव्हा ध्यानात आले की तो खुलासा अगदीच चुकीचा नव्हता. दुखत होते खरे. फक्त पोट दुसऱ्याचे होते.

‘द डेव्हिल इन द डार्क’ हे त्या भागाचे नाव. ९ मार्च १९६७ रोजी तो अमेरिकेत प्रथम दाखवला गेला. लेखक जीन कून, दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी. कथा थोडक्यात अशी. एका दूरच्या ग्रहावर माणसांनी खाण चालवली आहे. तिथून निघणाऱ्या खनिजावर कितीतरी वसाहतींची ऊर्जा अवलंबून आहे. खाणीचा एक नवा, खोल थर उघडल्यापासून कोणीतरी काळोखात कामगारांना मारू लागले आहे. आम्लाने जाळून टाकावे तशी माणसे जळतात. पन्नासाहून अधिक बळी गेले आहेत. अणुभट्टीचा एक महत्त्वाचा पंपही कोणीतरी पळवला आहे. खाणीचा प्रमुख व्हँडरबर्ग मदत मागतो आणि कर्कचे यान तिथे येते. कर्कचा हुकूम साधा आहे: दिसताच मारा.

व्हँडरबर्गच्या टेबलावर एक दगडी गोळा ठेवलेला आहे. शोभेची वस्तू. असे हजारो गोळे त्या नव्या थरात सापडले, निरुपयोगी म्हणून कितीतरी फुटलेही. स्पॉकची नजर त्या गोळ्यावर खिळते. आपल्या रक्तामांसाला कार्बनचा आधार, तसा सिलिकॉनचा आधार असलेला जीव असू शकेल काय, असा तर्क तो बांधतो. पुढे कर्क बोगद्यात एकटा सापडतो, दरड कोसळून वाट बंद होते आणि समोर तो प्राणी येतो. हातात शस्त्र असून कर्क ते चालवत नाही. आणि इथे लेखकाने एक फार चांगली गोष्ट केली आहे. प्राण्याला जिवंत धरावे असे म्हणणारा स्पॉकच मित्र संकटात आहे हे कळताच पलीकडून त्याला मारून टाक म्हणून सांगतो. आणि मारायला निघालेला कर्क, जखमी प्राणी डोळ्यांपुढे पाहून, थांबतो. तत्त्व एकाच्या तोंडी होते, दया दुसऱ्याच्या हातून घडली. माणसांचे असेच असते. मी वर्गात अहिंसेवर धडा शिकवून घरी आल्यावर झुरळावर चप्पल उगारलेली आहे.

मग स्पॉक त्या प्राण्याच्या अंगावर हात ठेवून त्याचे मन वाचतो. ती आई आहे. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची सारी जात मरून जाते आणि एकच जण मागे राहते, अंडी राखायला. ते दगडी गोळे म्हणजे तिची अंडी. माणसे खाणीत शिरली आणि त्यांनी ती फोडली. टेबलावर कागद दाबायला ठेवावे तसे तिचे मूल ठेवले होते! पुढे डॉक्टर तिची जखम चक्क काँक्रीटने थापी मारून बुजवतो, संतापलेल्या कामगारांना कर्क अडवतो आणि समेट होतो. ती आणि तिची पिल्ले बोगदे खोदतील, माणसे त्यांतले खनिज उचलतील. शेवटी कळते की पिल्ले निघाली आहेत, खाणीला घबाड लागले आहे, आणि सगळे आनंदात आहेत.

चित्रीकरण म्हणाल तर आजच्या मुलांना हसू येईल. बोगद्याची जमीन शाळेच्या सभागृहासारखी सपाट आहे. प्राण्याच्या त्या खरबरीत कातडीखाली यानोस प्रोहास्का नावाचा एक कलावंत रांगत होता. ते सोंगही त्यानेच तयार केले होते. पण ज्या गोष्टीला काही सांगायचे असते तिला जमीन सपाट असली तरी चालते. आपल्याकडे विज्ञानकथेला पोरखेळ समजण्याची रीत होती. जयंत नारळीकरांसारख्या जगन्मान्य शास्त्रज्ञानेही आपली पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती. नावाचे वलय वगळून कथा वाचली जावी, हा त्यातला हेतू. असो.

हा भाग मी गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला दाखवला. निमित्त घडले ते शाळेच्या मागल्या बाजूला दिसलेल्या बिबट्याचे. माझ्या वर्गातली निम्मी मुले रस्त्याकडच्या इमारतींतली आणि निम्मी जंगलाला टेकलेल्या वस्तीतली. समेट होण्याच्या आधीच मी चित्र थांबवले आणि विचारले, “सांगा, कप्तानाने काय करावे?” इमारतींतल्या मुलांनी एकमुखाने सांगितले, “मारू नये.” मला धन्य वाटले, असे उत्तर यावे म्हणूनच तर मी खटाटोप केला होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून वस्तीतली एक मुलगी उठली. एरवी न बोलणारी. ती म्हणाली, “मारावा, बाई.”

“का ग?”

“कप्तान यानात बसून जाणार. खाणवाले तिथेच राहणार.”

मला उत्तर सुचले नाही. मी चित्र पुढे चालू केले. शेवट झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी पाटी-दप्तर आवरताना शेजारणीला एवढेच म्हणाली, “त्यांना सोने गावले म्हणून बरे.”

कादंबरीकार म्हणवून घेणाऱ्या माझ्या नजरेतून जे निसटले होते, ते बारा वर्षांच्या मुलीने दोन वाक्यांत धरले. त्या कथेतले खरे दुखणे समेटात आहे. ती आई निघाली, म्हणून आपल्याला कळवळा आला. तिचे मन वाचता आले, म्हणून तिची बाजू समजली. आणि ती खोदकामाला उपयोगी पडली, म्हणून कामगारांनी हातातली दांडकी खाली ठेवली. या तिन्ही गोष्टी नसत्या तर? ती निव्वळ भुकेली असती, मुकी असती, आणि कवडीच्या उपयोगाची नसती तर? आणि ते पन्नास मेलेले कामगार? कथेत त्यांचा नुसता आकडा आहे. त्यांच्या बायकांना शेवटी काय सांगितले, हे कोणी दाखवत नाही.

आता आमच्या दारातल्या गोष्टीकडे येते. बोरिवली, मुलुंड, भांडुप, गोरेगाव आणि ठाणे यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जंगलात २०१५ च्या मोजणीत ३५ बिबटे आढळले, आणि २०२४ साली जाहीर झालेल्या मोजणीत ५४. एवढ्या दाटीने बिबटे राहतात अशी जागा जगात क्वचितच असेल. आणि तिच्याभोवती जी माणसांची दाटी आहे, तिच्याविषयी लोकलने जाणाऱ्या वाचकाला मी काय सांगावे! २००२ ते २००४ या काळात इथे हल्ले वाढत गेले आणि २००४ च्या जूनमध्ये तर कळसच झाला. वस्तीतली माणसे संध्याकाळनंतर दार उघडीनात. बिबट्या माणसावर उलटला आहे, त्याला पकडा, असा एकच गिल्ला झाला.

पण हळूहळू वेगळेच कळू लागले. वस्तीजवळ दिसलेला बिबट्या पकडायचा आणि जंगलात नेऊन सोडायचा, ही तेव्हाची पद्धत होती. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात विद्या अत्रेय यांनी या पद्धतीचा अभ्यास केला. तिथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ते सतरापर्यंत गेले. परक्या मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात अंग खरवडून घेतलेला, वाट हरवलेला प्राणी माणसाला अधिक घातक ठरत होता. उपाय म्हणून आपण करत होतो, तेच दुखणे वाढवत होते. खाणीतल्या माणसांनी गोळे फोडावेत तसेच हे. फोडणाऱ्याला आपण काही वाईट करतो आहोत असे वाटतही नव्हते.

मन वाचणारा स्पॉक आपल्यापाशी नाही. पण त्याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट घडली. २००९ साली अहमदनगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याच्या संथपणामुळे त्याला ‘आजोबा’ नाव मिळाले. गळ्यात संदेश पाठवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले. हा गृहस्थ तिथून चालत निघाला. कसारा स्थानकाजवळून, महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पार करून, सुमारे १२० किलोमीटर चालून तो चार आठवड्यांच्या आत आमच्या बोरिवलीच्या जंगलाशी येऊन ठेपला. वाटेत किती घरांच्या परसातून गेला असेल! कोणालाही त्याने नख लावले नाही. पट्ट्यातून येणारे ठिपके नकाशावर जोडत गेले की त्याचे म्हणणे वाचता येत होते: मला तुमच्यापाशी काम नाही, मला जायचे आहे. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर एका वाहनाने त्याला उडवले. पुढे २०१४ साली त्याच्यावर मराठीत चित्रपटही निघाला.

इथवर आले की मनाला फार बरे वाटते. दोष आपला, प्राणी निष्पाप. शिवाय २०१८ साली काही संशोधकांनी हिशेब मांडला की हे बिबटे वर्षाला दीड हजारांच्या आसपास भटकी कुत्री खातात, त्यामुळे कुत्रे चावण्याचे प्रकार घटतात आणि पिसाळण्याच्या रोगापासून माणसे वाचतात. म्हणजे आमच्या बिबट्यालाही ‘सोने गावले’! तो उपयोगी निघाला. आता राहू द्यायला हरकत नाही. हा हिशेब खोटा आहे असे मी म्हणत नाही. संशोधकांनी तो चांगल्या हेतूनेच मांडला असणार, कारण आकड्यांवाचून आपण ऐकत नाही. पण जगण्याचा हक्क उपयोगाच्या पावतीवर मिळत असेल, तर पावती हरवली की हक्कही गेला. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हा न्याय लावून पाहावा, म्हणजे त्यातला भयंकरपणा कळतो.

आणि हे सगळे लिहीत असताना मला एक तारीख आठवते. २४ ऑक्टोबर २०२२. दिवाळीचा दिवस, लक्ष्मीपूजनाचा. पहाटे आरे वसाहतीत एक आई देवळाकडे निघाली. तिच्या मागोमाग दुडदुडत निघालेली तिची सोळा महिन्यांची मुलगी बिबट्याने उचलली. ती वाचली नाही.

त्या आईपुढे उभे राहून मी कोणते वाक्य बोलू? आपण जंगलात शिरलो, हे? ती कुठे शिरली होती? १९४९ साली आरेची दूधवसाहत उभारली ती मुंबईला दूध हवे म्हणून. रस्ते, चित्रनगरी, मेट्रोची कारशेड आली ती शहराला हवी म्हणून. ‘आपण’ हा शब्द किती सोयीचा आहे! कर्ज काढताना सगळे शहर एक असते आणि फेडताना एकटे एक झोपडे.

आपल्या पुराणांतले जुने लोक या बाबतीत अधिक काटेकोर होते. शिबी राजाने कबुतराला अभय दिले, तेव्हा ससाण्याने विचारले, मग मी काय खाऊ? प्रश्न रास्त होता. राजाने तो उडवून लावला नाही, आणि प्रजेपैकी कोणाचे मांसही तागडीत टाकले नाही. स्वतःची मांडी कापली. बौद्ध जातकमालेत भुकेने पिल्लांवरच उलटू पाहणाऱ्या वाघिणीची कथा आहे. तिच्यापुढे बोधिसत्त्वाने देह टाकला तो स्वतःचा. कान्हेरीच्या लेण्यांत शतकानुशतके राहिलेल्या भिक्षूंना ही कथा ठाऊक नसेल असे वाटत नाही, आणि त्यांच्या लेण्यांभोवती आज जे जंगल आहे ते हेच. दया करणाऱ्याने तिची किंमत स्वतः चुकवायची, हे या दोन्ही कथांत गृहीत धरलेले आहे. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून बिबट्याला क्षमा करताना माझी मांडी अखंड असते. म्हणून ती मुलगी “मारावा” म्हणाली तेव्हा मला राग येण्याचा अधिकारच नव्हता.

तरीही मी तिच्या मताची नाही. मारून काय होते ते आपण पाहिले आहे: एक बिबट्या नेला की रिकामी झालेली जागा दुसरा घेतो. पण हे झाले व्यवहाराचे कारण, आणि उपयोगाची पावती नको असे म्हणणाऱ्या मला ते पुरणारे नाही. माझे खरे कारण याहून कच्चे आहे. बिबट्याला गुन्हा कळत नाही. तो वैर धरत नाही, सूड घेत नाही. खाणीतली ती आई निदान रागावली होती, याला तेही नाही. ज्याला अपराध करता येत नाही त्याला शिक्षा देणे म्हणजे नदीला पुराबद्दल फटके मारणे. जबाबदारी हा शब्द ज्याला कळतो, त्यालाच ती चिकटते. म्हणजे फिरून आपणच उरतो; पण या वेळी ‘आपण’ म्हणताना प्रत्येकाने आपापला वाटा मोजायला हवा.

तो मोजायला बसले की तत्त्वज्ञान फार लवकर संपते आणि कचरा सुरू होतो. उष्ट्या-खरकट्याचे ढीग जिथे साचतात तिथे कुत्री आणि डुकरे जमतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. वस्तीत शौचालय घराजवळ नसते, दिवा नसतो. म्हणून पोरे आणि बायका अंधारात झुडपांकडे जातात. बसलेले माणूस त्याला माणसासारखे दिसत नाही. हल्ल्यांच्या हकिकतींत हेच फिरून फिरून येते. वनखात्याने आणि २०११ पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातल्या स्वयंसेवकांनी हेच घरोघर सांगितले: कचरा उचला, दिवे लावा, पोर एकटे सोडू नका, दिसताक्षणी भोवती गर्दी करू नका. यांत चमत्कार काही नाही. काळोखातला राक्षस घालवायला खांबावरचा दिवा लागतो. व्हँडरबर्गच्या टेबलावरचा गोळा आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर आहे. रोज सकाळी आम्ही त्याला वळसा घालून जातो, आणि नाकाला रुमाल लावतो.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला. फाटकाबाहेरचा कचरा बंद डब्यांत ठेवावा, आणि मागल्या वस्तीच्या रस्त्याला दिवे व शौचालय मिळावे म्हणून आपण सर्वांनी मिळून महापालिकेकडे अर्ज करावा, असे सुचवले. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कोणी विरोध केला नाही. कचऱ्याचे पुढल्या सभेत पाहू, असे ठरले. मग एका सभासदाने मागची भिंत चार फुटांनी वाढवून वर काटेरी तार लावण्याची आणि भिंतीतली जुनी खिडकीवजा वाट बुजवण्याची सूचना मांडली. ती एकमताने मंजूर झाली. खरे सांगायचे तर हात मीही वर केला. घरात म्हातारी आई आहे.

भिंत या दिवाळीच्या आधी पुरी झाली. काम चांगले झाले आहे. माझ्या वर्गातली ती मुलगी त्या वाटेने शाळेला येत असे. आता तिला जंगलाच्या कडेने वळसा घालून यावे लागते. आमची शाळा सकाळची आहे, आणि हिवाळ्यात सात वाजेपर्यंत उजाडत नाही. परवा मी तिला विचारले, “भीती नाही ना वाटत?” ती म्हणाली, “वाटते की. मोठ्याने पाढे म्हणत येते. सोळाच्या पाढ्यापाशी शाळा येते.”